रस्त्यावरील अपघाताचा शोध कसा लावतात?

आपल्या जालना व बदनापूर तालुक्यांतून मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजीं त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला, आणि ५ जून २०२५ रोजीं ७०१ किलोमीटरांचा सबंध मार्ग पुरा झाला. या मार्गानें प्रवास सुकर झाला हें खरें. परंतु वेगाबरोबर धोकाहि आला. २८ जून २०२४ च्या रात्रीं कडवंची गांवाजवळ दोन मोटारी एकमेकींवर आदळून निदान सहा माणसें प्राणांस मुकलीं. त्यांपैकीं एक मोटार डिझेल भरून उलट दिशेनें महामार्गावर शिरली होती, असें त्या वेळीं पोलिसांकडून सांगण्यांत आलें. अशी वार्ता कानीं आली म्हणजे ‘दैवापुढें कोणाचें चालतें?’ असें म्हणून आपण सुस्कारा टाकतों. पोलिसांस मात्र तेवढ्यावर थांबतां येत नाहीं. काय घडलें, कसें घडलें व कोणाच्या चुकीनें घडलें, हें त्यांस पुराव्यानिशीं दाखवावें लागतें. तें ते कसें करतात, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

इंग्लंडांत या कामासाठीं पोलिसांचीं स्वतंत्र तज्ज्ञ पथकें असतात. आपल्याकडे हें काम अनेक हातांनीं मिळून होतें. हद्दींतील पोलीस ठाण्याचा अधिकारी हा मुख्य तपासी अंमलदार असतो. महामार्ग पोलीस त्याच्या मदतीस येतात. परिवहन कार्यालयाचा मोटार वाहन निरीक्षक वाहनांची तपासणी करतो. वैद्यकीय अधिकारी मृतांची व जखमींची परीक्षा करतात. आणि रक्ताचे नमुने, रंगाचे कपचे यांसारख्या वस्तु न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठविल्या जातात.

घटनास्थळीं पोंचतांच पहिलें काम जखमींचे प्राण वाचविण्याचें. त्यानंतर जागा राखून तिचा पंचनामा करतात. पंचांच्या समक्ष मोजमापें घेतात, नकाशा काढतात व छायाचित्रें टिपतात. वाहनें कोठें थांबलीं, कांचा कोणत्या बाजूस विखुरल्या, डांबरावर चर कोठें पडले, तेल कोठें सांडलें, हें सारें त्यांत लिहिलें जातें. धडक नेमकी कोणत्या जागीं झाली, हें बहुधा या चरांवरून व विखुरलेल्या मातीवरून ठरतें. कारण वाहनें धडकेनंतर दूर फेंकलीं जातात, पण चर जागचा हलत नाहीं. अशा रीतीनें कोणतें वाहन आपली बाजू सोडून गेलें होतें, तें कळूं शकतें. मात्र हा पुरावा अल्पायुषी असतो. एक पावसाची सर आली किंवा चार मालमोटारी वरून गेल्या, कीं कित्येक खुणा पुसून जातात.

आतां वेगाचा प्रश्न घेऊं. जोरानें गतिरोधक दाबला असतां चाकें फिरावयाचीं थांबून घसरतात व रस्त्यावर काळे पट्टे उमटतात. शाळेंत शिकलेलें पदार्थविज्ञान येथें उपयोगी पडतें. घर्षणांक, गुरुत्वप्रवेग व पट्ट्याची लांबी यांच्या गुणाकाराची दुप्पट केली म्हणजे वेगाचा वर्ग मिळतो. समजा, पट्टा ३० मीटर लांब आहे व कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक ०·७ आहे. तर २ × ०·७ × ९·८ × ३० = ४११·६; याचें वर्गमूळ सुमारें २०·३. म्हणजे वाहनाचा वेग सेकंदास २०·३ मीटर, अर्थात् ताशीं सुमारें ७३ किलोमीटर होता. पट्ट्याच्या शेवटीं धडक झाली असेल, तर वेग याहूनहि अधिक असला पाहिजे. अलीकडील गाड्यांतील गतिरोधक चाकांस पूर्ण अडकूं देत नाहींत. त्यामुळें असे पट्टे पुष्कळदां फिकट उमटतात, व इतर साधनांचा आश्रय करावा लागतो.

वाहन स्वतः देखील साक्ष देतें. निरीक्षक गतिरोधक, सुकाणूचक्र, टायर व दिवे यांची तपासणी करतो. जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा धडकेच्या वेळीं जळत असला, तर त्याची तापलेली मऊ तार ताणली जाऊन वेडीवाकडी होते; विझलेल्या दिव्याची थंड तार तशी ताणली जात नाहीं. एवढ्याशा तारेवरून रात्रीं दिवा लावला होता कीं नाहीं, हें समजतें.

टायर फुटल्यानें अपघात झाला, असें पुष्कळदां सांगितलें जातें. तें नेहमींच खरें ठरतें असें नाहीं. १ जुलै २०२३ रोजीं पहाटेपूर्वीं, आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर एक प्रवासी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखीं पडले. टायर फुटल्याचेंच कारण प्रथम पुढें आलें होतें. परंतु अमरावतीच्या परिवहन कार्यालयाच्या अहवालांत, रबराचे तुकडे अथवा टायरच्या खुणा जागेवर आढळल्या नाहींत, असें नमूद झालें. तोंडची हकीकत व रस्त्यावरील खुणा यांचा मेळ बसतो कीं नाहीं, हें पाहणें म्हणूनच अवश्य असतें.

आजकालच्या कांहीं मोटारींत धडकेपूर्वींच्या क्षणांची नोंद ठेवणारें यंत्र असतें. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री व त्यांचे एक सहप्रवासी मरण पावले. दोघेहि मागील आसनावर होते व त्यांनीं पट्टे बांधले नव्हते. कंपनीनें गाडींतील नोंद वाचून कळविलें कीं, धडकेपूर्वीं पांच सेकंद वेग ताशीं १०० किलोमीटर होता व धडकेच्या वेळीं तो ८९ होता.

हा सारा खटाटोप कशासाठीं? केवळ गुन्हेगारास शासन व्हावें म्हणून नव्हे. १ एप्रिल २०२२ पासून अंमलांत आलेल्या नियमांप्रमाणें अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांच्या आंत व सविस्तर अहवाल ९० दिवसांच्या आंत नुकसानभरपाईच्या न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो. ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरच्या विधवेचा व लेंकरांचा आधार त्या अहवालावर अवलंबून असतो. दुसरें, मोठ्या वाहनाचा चालक तोच अपराधी, अशी लोकांची समजूत असते; जमाव कधीं कधीं त्याच्यावर हातहि टाकतो. निर्दोष चालकास वांचविणारा पुरावा त्या खुणांतच असतो. तिसरें, रस्त्याचें वळण, पुलाचा कठडा किंवा उलट दिशेनें आंत शिरावयास मिळणारी वाट हीच जर दोषी ठरली, तर ती सुधारून पुढील प्राण वांचवितां येतात. २०२२ सालीं एकट्या महाराष्ट्रांत रस्त्यांवर १५,२२४ माणसें मेलीं, हा आंकडा लक्षांत घेतां या शोधाचें मोल सहज पटेल.

या कामीं आपणहि साहाय्य करूं शकतों. अपघात दिसतांच ११२ वर पोलिसांस व १०८ वर रुग्णवाहिकेस कळवावें. जखमींस मदत करावी. सद्भावनेनें मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चें संरक्षण आहे व त्यानें आपलें नांव सांगितलेंच पाहिजे अशी सक्ति नाहीं. जखमींच्या सुटकेस अवश्य असेल तेवढेंच हलवावें. फुटक्या कांचा, तुटके भाग व चाकांच्या खुणा तुडवूं नयेत. जें डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच सांगावें, ऐकींव गोष्टींची भर घालूं नये. मृताच्या मुलांस न्याय मिळेल कीं नाहीं, हें पुष्कळदां त्या पहिल्या तासांत जमलेल्या माणसांच्या शहाणपणावर ठरत असतें.