पुण्याचे बिशप, व्हाया हिरोशिमा

नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासाचा विषय निघाला की माणसं आधी शरणपूरला नेतात. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथं शिकली आणि त्यांतली काही पुढे आफ्रिकेचा शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन याच्या तांड्यात सामील झाली. पण ती वसाहत प्रॉटेस्टंटांची. कॅथलिकांसाठी नाशिकचा वेगळा धर्मप्रांत झाला १५ मे १९८७ रोजी, आणि थॉमस भालेराव पहिले महागुरू, म्हणजे बिशप, झाले. त्याआधी शंभर वर्षं नाशिक पुण्याच्या धर्मप्रांतात होतं, म्हणून नाशिकचे महागुरू पुण्यात राहत.

त्यांतले दुसरे हेन्री डोरिंग. जन्म १८५९चा, जर्मनीतला, येशूसंघाचे धर्मगुरू. पहिले बिशप बायडरलिंडन वारल्यावर १९०७ साली डोरिंग बिशप झाले. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे पसरलेला त्यांचा प्रांत अवाढव्य, पण माणसं विखुरलेली. इगतपुरी, मनमाड, भुसावळ इथं रेल्वेत नोकरीला असलेली गोवेकर आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं. नगरकडे, केंदळ, वळण, संगमनेरच्या बाजूला, नवे मराठी ख्रिस्ती, बहुतेक गावकुसाबाहेरचे. फादर घोड्यावरून, बैलगाडीतून फेरी मारायचे. एरवी प्रार्थना शिकवायची, पोरांना बाराखडी गिरवायला लावायची, ती गावातल्या मास्तरानं.

१९१४ला युद्ध पेटलं आणि जर्मन फादर एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. जर्मनांसाठीची मोठी छावणी उघडली ती नेमकी अहमदनगरला, म्हणजे याच मिशनच्या जिल्ह्यात! १९१५-१६मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजानं अनेकांना मायदेशी धाडलं. मुंबईचे आर्चबिशप युर्गन्स १९१६ साली वारले. तिथली गादी तीन वर्षं रिकामी राहिली आणि मग इंग्रज गुडियर आले. डोरिंग यांना तर पुण्याची वाटच बंद झाली. १९२१ साली रोमनं त्यांना आर्चबिशप हा किताब दिला आणि जपानच्या कामगिरीवर पाठवलं, हिरोशिमाच्या मुलखात. साठी उलटलेल्या माणसानं तिथं पुन्हा नव्या भाषेपासून सुरुवात करायची.

१९२७ साली ते पुण्याला परतले, अडुसष्टाव्या वर्षी. आर्चबिशप हा मान आता फक्त त्यांचा. पुणे साधा धर्मप्रांतच राहिला. पुढं १९४८पर्यंत ते गादीवर होते.

कागदावर १९०७ ते १९४८ असा एकसंध कार्यकाळ कुणी लिहिला, तर १९१४ ते १९२७ ही मधली तेरा वर्षं त्यात दिसतच नाहीत. मला वाटतं, डोरिंग यांच्या चरित्रातला खरा भाग तोच. बिशप नाहीत, जर्मन फादर छावणीत. तरी नगर-नाशिककडची मिशनं मोडली नाहीत. याचं श्रेय मी आधी मास्तरांना देईन. त्यांच्या नावानं कुठं पाटी नाही, ही गोष्ट वेगळी.

डोरिंग यांच्या जागी अँड्र्यू डिसोझा आले, पुण्याचे पहिले भारतीय बिशप. त्याआधी, ऑगस्ट १९४५मध्ये हिरोशिमावरच्या अणुबॉम्बची बातमी पुण्यात पोचली, तेव्हा डोरिंग शहाऐंशीला टेकले होते. त्या शहरात त्यांच्याच संघाचे जर्मन धर्मगुरू होते.