किल्ली परत मिळण्याची मुदत

हृदयावरील शस्त्रक्रिया होऊन गृहस्थ घरी परततात, तेव्हा एक निर्णय बहुधा त्यांना न विचारताच झालेला असतो. दाराजवळच्या खुंटीवरून दुचाकीची किल्ली नाहीशी झालेली असते. “बाबा, आता गाडीला हात लावायचा नाही,” असे चिरंजीव सांगतात आणि सूनबाई मान डोलावतात. त्यामागे माया असते, भीतीही असते.

नाशिकच्या रविवार कारंजा, मेन रोड, सराफ बाजार या भागांत ज्यांचे आयुष्य दुकानाच्या गादीवर गेले, त्यांना त्या किल्लीचे मोल वेगळे सांगायला नको. त्या अरुंद गल्ल्यांत मोटार नेणे म्हणजे डोकेदुखी. बँकेतील भरणा, घाऊक बाजारातील फेरी, उधारीची वसुली, सकाळचे देवदर्शन ही सारी कामे दुचाकीवरच होतात. किल्ली गेली की प्रत्येक कामासाठी कोणाची तरी वाट पाहावी लागते. त्यामुळे दुचाकी कायमची सोडायची की काही काळापुरती, हा प्रश्न गंभीर आहे. त्याचे बरेचसे उत्तर छातीच्या हाडात दडलेले आहे.

पायातील नीला काढून हृदयाच्या बंद रक्तवाहिनीला पर्यायी मार्ग देण्याची पद्धत डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रूढ केली. भारतात १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात बायपास शस्त्रक्रिया केली. आज ती सर्वपरिचित झाली असली, तरी हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी बहुतेक वेळा छातीचे मधले उभे हाड, म्हणजे उरोस्थी, करवतीने दुभागावेच लागते. काम संपल्यावर ते दोन्ही भाग पोलादी तारांनी घट्ट बांधले जातात. तारा आत कायम राहतात. परंतु त्या हाडाला केवळ धरून ठेवतात, सांधण्याचे काम शरीरालाच करावे लागते.

हा सांधा सहा ते आठ आठवड्यांत बऱ्यापैकी धरतो आणि पुरेसा बळकट होण्यास साधारण तीन महिने लागतात. मधुमेह, तंबाखूचे व्यसन, स्थूलपणा किंवा हाडांचा ठिसूळपणा असल्यास अधिक वेळ लागू शकतो. मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडली तर व्याजाचे नुकसान होते. येथे घाई केली तर मुद्दलच धोक्यात येते. हाड हलू लागले, त्यात जंतुसंसर्ग झाला, तर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

चारचाकी चालवण्यास अनेक शल्यचिकित्सक चार ते सहा आठवड्यांनी अनुमती देतात. दुचाकीसाठी मात्र सुमारे बारा आठवडे थांबण्यास सांगतात. कारण उघड आहे. दुचाकीवर खड्ड्याचा प्रत्येक हादरा हातांतून खांद्यात आणि खांद्यातून छातीत उतरतो. अचानक ब्रेक दाबला की शरीराचा भार हँडलवर येतो. स्कूटरचे वजन शंभर किलोच्या आसपास, तर बुलेटचे दोनशेच्या घरात. ज्या काळात चार-पाच किलोंहून अधिक उचलू नये असे बजावलेले असते, त्या काळात गाडी मधल्या स्टँडवर ओढणे किंवा कलंडलेली गाडी सावरणे हे चालवण्याहूनही घातक. मागे बसणेही निर्धोक नाही. हादरा आणि पडण्याचे भय तेथेही तेवढेच.

आणखी काही गोष्टी सहसा ध्यानात येत नाहीत. पायातील नीला काढली असेल तर तो पाय सुजतो; किक मारताना किंवा सिग्नलला पाय टेकताना त्याची जाणीव होते. मनगटाजवळील धमनी वापरली असेल तर क्लच दाबणारा हात काही काळ दुबळा राहू शकतो. रक्तदाबाच्या औषधांनी उठताना भोवळ येऊ शकते. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना किरकोळ पडझडीतही रक्तस्राव अधिक होतो. अनेकांना काही आठवडे झोप नीट लागत नाही, मन उदास राहते, लक्ष विचलित होते. द्वारका चौकातील वाहतुकीत असे विचलित लक्ष परवडणारे नाही.

म्हणून परतीचा मार्ग पायरीपायरीने आखावा. आरंभी केवळ चालणे. गोल्फ क्लब मैदानाची पहाटेची फेरी त्यासाठी उत्तम. मुदत भरल्यावर डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यावी. खोकताना वेदना होते का, कूस बदलताना हाडात खटका जाणवतो का, हे त्यांना स्पष्ट सांगावे. अनुमती मिळाली की प्रथम उभ्या गाडीवर बसून पाहावे: हँडल पूर्ण वळते का, ब्रेक जोरात दाबता येतो का, हेल्मेट घालून मागे वळून पाहता येते का. नंतर एखाद्या रविवारी पहाटे, मोकळ्या रस्त्यावर, बटणाने सुरू होणाऱ्या हलक्या गाडीवर दहा मिनिटांची फेरी. मागे कोणी नको, पुढे मालाची पिशवी नको. गाडी स्टँडवर लावण्याचे काम दुकानातील मुलावर सोपवण्यात कमीपणा नाही. बाजारातील गर्दीची वेळ सर्वांत शेवटी. खिशात शस्त्रक्रियेची आणि औषधांची नोंद असलेली चिठ्ठी असावी.

परवान्याकडेही पाहावे. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि चाळिशीनंतर त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते केवळ सहीपुरते न घेता खरी तपासणी करून घ्यावी.

काहींना मात्र डॉक्टर नकारच देतात. वारंवार शुद्ध हरपणे, हृदयाची गती अकस्मात बिघडणे अशा व्याधीत रस्त्यावरील इतरांचा जीवही धोक्यात येतो. तेथे रिक्षा पत्करणे हाच शहाणपणा. परंतु ज्यांची छाती सांधली आहे, हृदय सशक्त आहे आणि तपासणी निर्दोष आहे, त्यांची किल्ली केवळ भीतीपोटी अडवून ठेवणेही न्याय्य नाही. दुसऱ्याच्या आधाराविना घराबाहेर पडता येणे हा बरे होण्याचाच एक भाग आहे.

यास्तव रुग्णालयातून घरी येताच पिता-पुत्रांनी एकत्र बसून, डॉक्टरांच्या सल्ल्याने, तपासणीची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. तारीख ठरली की वडिलांना धीर धरणे सोपे जाते आणि मुलालाही रोज नकार द्यावा लागत नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी होकार दिला, तर किल्ली मुलानेच वडिलांच्या हाती द्यावी आणि पहिल्या फेरीला आपली गाडी थोडी मागे ठेवून सोबत जावे.