एकापासून नवापर्यंत आणि परत

गणिताच्या भीतीने मी कलाशाखेकडे वळले, हे आधीच कबूल करते. मग अंकांवरचा हा लेख माझ्या हातून कसा? कारण माझा धाकटा भाऊ. दिवाळीच्या सुटीत जव्हारच्या वसतिगृहातून मोखाडा तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर गेले, तेव्हा नववीतला हा मुलगा म्हणाला, "ताई, गणित काही जमत नाही. भात झोडून झाले की मी वीटभट्टीवर जातो."

उपदेश न करता मी त्याला ११ चा वर्ग करायला सांगितले. उत्तर १२१. मग १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१. पुढचे उत्तर त्याने गुणाकार न करताच सांगितले! असे करत नऊ एकांच्या संख्येचा वर्ग आला :

१२३४५६७८९८७६५४३२१

ही सतरा अंकी संख्या. 'लीलावती'तल्या भास्कराचार्यांच्या स्थानांप्रमाणे तिचा पहिला अंक 'मध्य' स्थानी बसतो. त्यापुढचे स्थान परार्ध.

असे का होते? १११ ला १११ ने गुणताना तीन ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. उभ्या घरांत एक, दोन, तीन, दोन, एक असे एकक जमतात. नऊ एकांच्या वेळी मधल्या घरात नऊच जमतात, हातचा लागत नाही. म्हणून संख्या डोंगरासारखी चढते आणि उतरते.

तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नेच तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. यात आठ मात्र गैरहजर! स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद' हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. त्यांचा जन्म १९०५ साली आपल्या डहाणूचा. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळामास्तर होते. पदवीपलीकडे शिक्षण नाही, पण अंकांचा नाद जन्मभर. वरच्यासारख्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' म्हटले, कारण ती कल्पना त्यांना डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर सुचली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. १९८६ साली ते निवर्तले.

हे सांगून होते न होते तोच भावाने विचारले, "ताई, दहा एक घेतले तर?" मला ठाऊक नव्हते. दोघांनी मिळून मांडले. मधल्या घरात दहा आले, हातचा पुढे सरकला, त्या घरातही दहा झाले. उत्तर : १२३४५६७९००९८७६५४३२१. शिखर ढासळले आणि डावीकडचा आठ नाहीसा झाला.

"कुठे मोडले ते मला दिसले," तो हळूच म्हणाला.

त्या हंगामात तो भट्टीवर गेला नाही. पुढच्या वर्षाचे पीक आणि घरची अडचण पाहून ठरेल. पण वाचकहो, जमत नाही म्हणून शाळा सोडतो, हे कारण आता त्याच्यापाशी उरलेले नाही.