होलसेलिंग आणि शॉर्ट सेल: अमेरिकेत सुरुवात करताना

अमेरिकेत हाताशी भांडवल कमी असलं की घरांच्या धंद्यात पहिलं नाव होलसेलिंगचं निघतं. यात घर आपण विकत घेत नाही. मालकाशी खरेदीचा करार करायचा, तो दुसऱ्या गुंतवणूकदाराच्या नावे करून द्यायचा आणि त्याबद्दल फी घ्यायची. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण भाव आणि दुरुस्तीचा खर्च जोखायला ती लवकर शिकवते. कायदा मात्र राज्यागणिक बदलतो. इलिनॉयमध्ये 2019 पासून 12 महिन्यांत असे एकाहून जास्त व्यवहार करायचे तर परवाना लागतो.

दुसरा प्रकार शॉर्ट सेलचा. यात मालकाचं कर्ज घराच्या किमतीपेक्षा मोठं असतं आणि बँक कमी रकमेवर विक्रीला मान्यता देते. 2008 च्या मंदीनंतर असे सौदे भरपूर झाले. होकार यायला कित्येकदा महिने लागतात, शिवाय करार दुसऱ्याच्या नावे करायला बँक बहुधा नकार देते. म्हणून नवख्याने दोन्ही एकत्र करू नयेत. उरलेलं कर्ज माफ झालं का, हे मालकाने लेखीच घ्यावं.

एच-वन-बी व्हिसावर असाल, तर असा धंदा व्हिसाच्या अटींत बसतो का, हे पहिला करार करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला नक्की विचारा.