दमा नाही, टीबी नाही; मग खोकल्यातून रक्त का? फुफ्फुसातला 'कार्सिनॉइड' ट्यूमर समजून घ्या

कधी सिगारेट ओढलेली नाही, वय चाळिशीच्या आसपास. तरी खोकल्यातून अधूनमधून रक्त पडतं, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा त्याच जागी होतो. इनहेलर झाले, कधी टीबीच्या गोळ्याही झाल्या, पण फरक नाही. अशा काही रुग्णांच्या श्वासनलिकेत शेवटी 'कार्सिनॉइड' नावाची गाठ सापडते.

हा कॅन्सर वेगळा कसा?

फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये याचं प्रमाण जेमतेम १ ते २ टक्के. तो बहुतेकदा संथपणे वाढतो आणि मोठ्या श्वासनलिकेत बसला की वाट अडवतो. मागे कफ साचून संसर्ग होतो, अरुंद वाटेतून हवा जाताना शिट्टीसारखा आवाज येतो. दम्यात हा आवाज सहसा दोन्ही बाजूंना असतो. तो एकाच बाजूला येत असेल, तर शंका घ्यायला हवी.

निदान कसं होतं?

छोटी गाठ एक्स-रेमध्ये सुटू शकते, म्हणून सीटी स्कॅन करतात. मग ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने श्वासनलिकेची तपासणी. गाठीत रक्तवाहिन्या भरपूर असल्याने तुकडा काळजीपूर्वक घ्यावा लागतो. पेशी किती वेगाने विभागतात, यावरून 'टिपिकल' की जास्त आक्रमक 'एटिपिकल' हे ठरतं. नेहमीच्या पेट स्कॅनमध्ये ही गाठ फिकी दिसू शकते. त्यामुळे गरजेनुसार 'डोटाटेट' पेट स्कॅन करतात.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

गाठ पसरलेली नसेल, तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. दुर्बिणीतून दिसणारा भाग काढून सहसा भागत नाही, कारण गाठ नळीच्या भिंतीपलीकडेही गेलेली असू शकते. जागा सोयीची असेल तर 'स्लीव्ह रिसेक्शन' करतात: पाइपचा खराब तुकडा कापून दोन्ही टोकं जोडावीत, तसं. त्यामुळे चांगलं फुफ्फुस वाचतं. जवळच्या लसिका ग्रंथीही काढून तपासतात.

उशीर का नको?

टिपिकल गाठ पूर्ण निघाली, तर ५ वर्षांनंतरही साधारण ९० टक्के रुग्ण हयात असतात. पण वाट बरेच महिने बंद राहिली, तर मागचं फुफ्फुस संसर्गाने निकामी होतं आणि तेही काढावं लागू शकतं. आजार अनेक वर्षांनी उलटू शकतो, म्हणून तपासण्या सोडायच्या नाहीत.

खोकल्यातून रक्त येत असेल किंवा न्यूमोनिया त्याच जागी परत होत असेल, तर छातीच्या डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: 'सीटी स्कॅन करायला हवा का?'