दुसऱ्याच्या नावानं येणारं दुखणं

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून दिवसभरात सात हजार लिटरच्या आसपास रक्त बाहेर पडतं. पण त्या कप्प्याच्या जाड स्नायूला या रक्तातून थेट काही घेता येत नाही. त्याची सोय वेगळी आहे. महाधमनीच्या अगदी सुरुवातीला, झडपेच्या किंचित वर, दोन बारीक तोंडं असतात. तिथून निघालेल्या तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या नळ्या हृदयाला बाहेरून वेढतात आणि फांद्या फुटत फुटत आत शिरतात. गंमत पुढेच आहे. इतर अवयवांना रक्ताचा लोट मिळतो तो हृदय आवळलं जाताना. डाव्या कप्प्याला स्वतःला मात्र तो मुख्यतः सैल पडताना मिळतो, कारण आवळलेला स्नायू आपल्याच बारीक वाहिन्या दाबून टाकतो. दोन ठोक्यांच्या मधल्या अर्ध्या सेकंदात त्याला भागवून घ्यावं लागतं, आणि तेही दिवसातून एक लाख वेळा.

ही बाहेरून आत जाणारी वाट वर्ध्याच्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. पाटाला पाणी कमी आलं की आधी वाळतं ते टेलचं, म्हणजे पाटाच्या शेवटाचं शेत. हृदयाचा सगळ्यात आतला थर असाच टेलला असतो. नळी बंद पडली की वीस ते चाळीस मिनिटांत तिथल्या पेशी मरायला लागतात, आणि हे मरण आतून बाहेर सरकत काही तासांत भिंतीची बरीचशी जाडी व्यापतं. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. म्हणजे हार्ट अटॅक हा एका क्षणाचा घाव नसतो, तो तासन्‌तास चालतो. त्यातून माणूस वाचू शकतो तो या तासांमुळेच.

नळी बंद पडते तरी कशी? तिच्या भिंतीत चरबीचा साठा असतो आणि त्यावर एक पातळ आवरण. धोक्याचं आवरण ६५ मायक्रॉनपेक्षाही पातळ असतं. ते फाटलं की रक्त त्याला जखम समजतं आणि तिथं गुठळी धरतं. बोट कापल्यावर आपल्याला वाचवणारी यंत्रणाच इथं जिवावर उठते. पुष्कळदा त्या साठ्यानं आधी निम्मी नळीही अडवलेली नसते. ‘परवाच तर सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या होत्या’ हे घरच्यांचं वाक्य म्हणूनच खोटं नसतं. गुठळी आधी की अटॅक आधी, हा वाद डॉक्टरांमध्येही १९८० पर्यंत रंगला होता. त्या वर्षी अमेरिकेत डीवूड यांनी पहिल्या चार तासांत आलेल्या १२६ रुग्णांची अँजिओग्राफी प्रसिद्ध केली. त्यातल्या ११० जणांची नळी पूर्ण बंद होती.

आता खरं नवल. एवढा प्रकार आत चालू असताना हृदयाला ‘मी दुखतोय’ हे धड सांगता येत नाही. त्याच्या संवेदना मज्जारज्जूच्या ज्या भागात पोहोचतात, साधारण छातीच्या वरच्या चार-पाच मणक्यांच्या पातळीवर, तिथंच छातीच्या कातडीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या संवेदनाही येतात. मेंदूला आयुष्यभर हातापायांच्या तक्रारींची सवय, हृदयाच्या तक्रारीची नाही. त्यामुळे तो हिशेबात चुकतो आणि दुखणं डाव्या हाताच्या, जबड्याच्या, दातांच्या किंवा दोन फऱ्यांमधल्या पाठीच्या नावावर टाकतो. हृदयाच्या खालच्या बाजूला अटॅक आला तर पोटाशी नातं असलेली व्हेगस नस चाळवते. मग मळमळ, उलटी, ढेकर, दरदरून गार घाम. रुग्ण म्हणतो, ‘गॅस धरला असंन.’ घरातलं कुणी ओवा देतं, कुणी सोडा. ढेकर आला की बरं वाटल्यासारखंही होतं. तेवढ्यात एक तास जातो.

सिनेमातल्यासारखी छातीत कळ येऊन माणूस कोसळतो, असं नेहमी होत नाही. बरेच रुग्ण ‘दुखतंय’ असं म्हणतच नाहीत. ‘जड वाटतं’, ‘कोणी बसल्यासारखं वाटतं’, ‘जीव घाबरा होतो’ असं सांगतात आणि सांगता सांगता मूठ छातीवर ठेवतात. सॅम्युअल लेव्हिन या डॉक्टरांनी टिपलेली ती मूठ आज त्यांच्याच नावानं ओळखली जाते. जुना मधुमेह असेल तर संवेदना नेणाऱ्या नसाच बोथट झालेल्या असतात. तिथं अटॅक नुसती धाप किंवा अचानक आलेला अशक्तपणा होऊन येतो.

बायकांच्या बाबतीत तर तो आणखी आडवाटेनं येतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ५१५ स्त्रियांना, अटॅकमधून वाचल्यानंतर, आधीच्या दिवसांबद्दल विचारलं गेलं. ९५ टक्के जणींना आधी काही ना काही जाणवलं होतं. सुमारे ७० टक्के जणींना कधी नव्हे असा थकवा होता, जवळपास निम्म्या जणींची झोप बिघडली होती. प्रत्यक्ष अटॅकच्या वेळी ४३ टक्के जणींच्या छातीत दुखलंच नव्हतं. आपल्याकडं कापूस वेचणीच्या दिवसांत बाई म्हणाली ‘थकल्यासारखं होते’, तर तिच्याकडं कोण वळून पाहणार?

‘एवढं चालणाऱ्या माणसाला हार्टचा त्रास कसा होईल?’ हेही नेहमीचंच. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला गेले, तेव्हा त्यांचे सचिव महादेवभाई देसाई वर्ध्यात मगनवाडीला राहत आणि कागदपत्रं घेऊन पायी ये-जा करत. विदर्भाच्या उन्हातही. १९३८ पासून त्यांची प्रकृती ढासळत गेली होती, रक्तदाब वाढला होता. ९ ऑगस्ट १९४२ ला अटक झाली आणि १५ ऑगस्टच्या सकाळी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये हृदयविकारानं ते गेले. वय ५०. सकाळी उठल्यापासून दुपारपर्यंतच्या वेळात अटॅकचं प्रमाण जास्त असतं, हे पुढं १९८५ मध्ये आकड्यांनी दाखवलं गेलं. महादेवभाईंजवळ त्या सकाळी सुशीला नय्यर होत्या, सत्तावीस वर्षांच्या डॉक्टर. पण त्या दिवशी जगातल्या कुठल्याही डॉक्टरच्या हातात फारसं काही नव्हतं. माणसाच्या हृदयाला विजेचा झटका देऊन ते पुन्हा चालवणं १९४७ मध्ये पहिल्यांदा साधलं. छाती दाबून रक्त फिरवत ठेवण्याची रीत १९६० ची. सुशीलाबहेननी १९६९ मध्ये सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं.

आज वर्ध्याच्या दुसऱ्या अंगाला, सावंगी (मेघे) इथं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय उभं आहे. पोट धरून आलेल्या माणसाची अशा रुग्णालयात आधी ‘पट्टी’, म्हणजे ईसीजी काढतात, नियमानं पहिल्या दहा मिनिटांत. छातीवर, मनगटांवर, घोट्यांवर जेल लावून दहा तारा जोडल्या जातात आणि त्या दहांतून हृदय बारा बाजूंनी दिसतं. बारीक चौकटींचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक चौकट ०.०४ सेकंदाची. ठोक्याच्या टोकदार शिखरानंतर रेघ खाली येऊन सपाट व्हायला हवी. ती तशी न होता बारांतल्या ‘दोन, तीन आणि एव्हीएफ’ या तीन बाजूंना मिलिमीटरभर वरच राहिली, तर डॉक्टर पोटाकडं बघत बसत नाहीत. मेंदूनं पोटाच्या नावावर टाकलेलं दुखणं कागद बरोबर हृदयाच्या खालच्या भिंतीवर आणून ठेवतो. पहिली पट्टी कधी कधी साफ येते. म्हणून ती पुन्हा काढतात, आणि रक्तात ट्रोपोनिन पाहतात. मरणाऱ्या पेशींतून गळणारं हे प्रथिन वाढायलाही काही तास लागतात. ‘एकदा ईसीजी काढला, नॉर्मल होता’ एवढ्यावर घरी परतू नये ते याचसाठी.

नळी उघडायचे मार्ग दोन. दोन तासांच्या आत होण्यासारखी असेल तर अँजिओप्लास्टी, नाहीतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. पण सगळ्यात थक्क करणारं औषध स्वयंपाकघराच्या डब्यात मावणारं आहे. १९८८ मध्ये आयसिस-२ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. पहिली गोळी चावायला लावून महिनाभर ॲस्पिरिन दिल्यानं मृत्यू जवळपास एक चतुर्थांशानं घटले. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या जोडीनं ४२ टक्क्यांनी. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर १०८ वर फोन केल्यावर ते विचारून चावायला घ्यावं. सॉर्बिट्रेट मात्र मनानं देऊ नये, रक्तदाब एकदम पडू शकतो. रुग्णानं चालत जिना उतरू नये, गाडीला किक मारू नये.

वेळेत नळी उघडली तर पुढची गोष्टही अजब आहे. निपचित पडलेला सगळाच स्नायू मेलेला नसतो. काही भाग नुसता सुन्न होऊन थांबलेला असतो आणि दिवसा-आठवड्यांनी पुन्हा आकुंचन पावू लागतो. मेलेल्या जागी व्रण धरतो. हृदयाच्या पेशी जन्मभर त्याच राहतात, असं पूर्वी मानत. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेलं कार्बन-१४ पेशींमध्ये मोजून २००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत त्याच्या निम्म्याहून कमी. भरपाई होते, पण फार सावकाश. जे वाचवायचं ते पहिल्या तासांतच.

तेव्हा दुखणं किती मोठं आहे, हे मोजत बसू नये. ते नवं आहे का, एवढं विचारावं. रोजच्या अंतरावर आता थांबावं लागतं का, थांबलं की बरं वाटतं का? जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठंही पूर्वी कधी न झालेलं काही घामासोबत किंवा धापेसोबत आलं आहे का? उत्तर हो असेल तर पट्टी काढेपर्यंत गॅसचं नाव घेऊ नये. सावंगीच्या रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे, त्या विनोबांना नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आला होता. त्यांनी पुढं अन्न आणि औषध दोन्ही सोडलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसानं, समोर काय आहे ते ओळखून घेतलेला तो निर्णय होता. ओवा खाऊन कुशीवर वळणाऱ्या माणसानं कुठलाच निर्णय घेतलेला नसतो. तो बाजूला बसलेल्यानं घ्यावा, आणि रुग्ण ‘काही नाही होत’ म्हणत असतानाच घ्यावा.