बोलेल हळूहळू

‘ह्याचा बापसुद्धा उशिराच बोलला, बोलेल हळूहळू’ असे वडीलधाऱ्यांनी आईस सांगावे, जिभेवर मधात उगाळलेले वेखंड चाटविण्याची तजवीज करावी, आणि मूल अडीच वर्षांचे झाले तरी त्याच्या कानांची तपासणी कोणास सुचू नये, हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास आढळतो की, त्यामागील मायेविषयी तिळमात्र शंका नसूनही त्या दिरंगाईविषयी स्पष्ट लिहिणे मला भाग आहे.

जन्मतः ऐकू न येणारे अर्भकही पहिले काही महिने इतर अर्भकांसारखेच हुंकारते, हसते. मात्र 6 ते 10 महिन्यांच्या सुमारास ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी जी अक्षरांची माळ तोंडी येऊ लागते, ती श्रवणावर पोसत असल्यामुळे त्याच्या तोंडी वेळेवर येत नाही. ‘दार आपटले की दचकते’ हा दाखलाही पुरेसा नव्हे. अंशतः बधिर मुलास दाराचा आवाज कळतो, पण ‘स’, ‘श’ यांसारखे नाजूक ध्वनी निसटून जातात.

‘त्याला सगळे समजते’ असे आई म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते; परंतु ‘चेंडू आण’ म्हणताना तिचा हात आणि तिची नजर नकळत चेंडूकडे वळलेली असते, आणि मूल शब्दाच्या नव्हे, त्या हाताच्या आज्ञेत असते. दीड वर्षाच्या मुलास, हात मांडीवर ठेवून आणि नजर न हलविता, तेच एकदा सांगून पाहावे.

वर्ष-सव्वा वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नसेल, हाकेला वळत नसेल, दोन वर्षांचे होऊनही ‘पाणी दे’, ‘बाबा गेले’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नसेल, तर हयगय करू नये. आणि आलेले शब्द मावळू लागले, तर एक आठवडाही दवडू नये. तीन वर्षांच्या मुलाने ‘र’चा ‘ल’ केला तर चिंता नको. घरात दोन भाषा असणे हेही विलंबाचे कारण नव्हे, सबब मातृभाषा बंद करण्याचा सल्ला मानू नये.

नवजाताची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, दोषाचे निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्यापर्यंत व्हावी, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून मुले तपासतात. शंका असलेल्यांस जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची वाक्-श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था 1983 पासून श्रवणतपासणीचे कार्य करीत आहे. निजलेल्या बालकाच्या मस्तकावर तारा चिकटवून, त्याच्याकडून एकही उत्तर न मागता, श्रवणाची खातरजमा करता येते.